गाणं न घातलेली कॅसेट

लग्नासाठी व्हिडिओवाला ठरवायला माणसं माझ्या रामनगरच्या दुकानात आली, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "क्यामेरा खांद्यावरचा हाय काय हातातला?" खांद्यावरचा म्हटलं की पाहुणे जरा सैल बसायचे. मग दुसरा प्रश्न, "लाईट किती पावरचा?" आणि तिसरा, ज्याला मी घाबरायचो, "बदाम येतोय काय?"

बदाम म्हणजे नवरा-नवरीची तोंडं बदामाच्या आकारात दाखवायची करामत. बेळगावच्या पार्ट्यांकडं मिक्सिंगचं मशीन असायचं. ते बदाम दाखवायचे, कमळ उमलवून त्यातून नवरी बाहेर काढायचे, नवऱ्याला ढगावर उभा करायचे आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी घालायचे. माझ्याकडं त्यातलं काहीच नव्हतं. एक जुना, दुसऱ्या हाताचा कॅमेरा, तीन बॅटऱ्या, एक हॅलोजन दिवा, आणि तो दिवा धरणारी माझी बायको मंदा. "बदाम येत नाही" म्हटलं, की निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच उठून बेळगावच्या गाडीला जायची.

ही गोष्ट ऐंशीचं दशक सरतानाची. त्याआधी मी नुसता फोटोग्राफर होतो. शाळेचे फोटो, अर्जाचे फोटो, गणपतीसमोर उभ्या केलेल्या कुटुंबांचे फोटो. व्हिडिओ आला आणि लोक म्हणायला लागले, फोटोतला माणूस हलत नाही. म्हणून मीही कॅमेरा घेतला. धंदा वरून दिसतो तेवढा सोपा नव्हता. बॅटरी तासभर टिकायची, ती कुठं खर्चायची ह्याचा हिशेब सतत डोक्यात. मुहूर्त जवळ आला की भटजींच्या तोंडाकडं बघत राहायचं, कारण मंगळाष्टकं कधी संपवायची ते फक्त त्यांना ठाऊक. जोयड्याच्या एका लग्नात नेमक्या अक्षता पडताना माझी कॅसेट संपली. दुपारी जेवणं झाल्यावर मी नवरा-नवरीला हातापाया पडून पुन्हा उभं केलं आणि पुन्हा अक्षता टाकायला लावल्या. त्या दुसऱ्या खेपेला नवरी खुदुखुदु हसते आहे. ते हसणं त्या कॅसेटमध्ये कायमचं आहे आणि माझी चूकही.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एकजण नात्यातल्या माणसांची यादीच घेऊन आला. कुणाला किती वेळ दाखवायचं ते लिहिलेलं, आणि एका नावापुढं लिहिलेलं, "ह्यो पाठमोरा". दुसरा एकजण घरच्या सगळ्यांना घेऊन आला, नमुन्याची कॅसेट तीन तास मन लावून बघितली, चहा घेतला, आणि लग्न कधी आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "आजून ठरलं न्हाई ओ. पोरगं नववीला हाय."

मंदा दिवा धरायची ह्याचा मात्र फायदा व्हायचा. परका पुरुष कॅमेरा घेऊन स्वयंपाकाकडं वळला की बायका पदर ओढून पाठ फिरवायच्या. मंदा आधी आत जायची, चुलीपाशी बसायची, "काय गे, भात फुलला काय?" म्हणायची, आणि मग माझ्यासाठी वाट मोकळी व्हायची. बदाम नसला तरी आमच्या कॅसेटमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायका असायच्या. तेव्हा ह्याचं कुणालाच कौतुक नव्हतं. मलाही नव्हतं.

मग एके दिवशी धाकू वेळीप आला.

शिमगा होऊन गेला होता. दुपारची गाडी येऊन गेली आणि तीन माणसं दुकानात शिरली. पुढं दत्ताशेट, आमच्या बाजारातले किराण्याचे व्यापारी. त्यांच्या मागं विशीतली एक मुलगी, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा एक उंच, काटक माणूस. पन्नाशीचा असावा. कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला. डोळे उघडे होते, पण ते कशावरच थांबत नव्हते.

दत्ताशेटनी ओळख करून दिली. हे गुंदचे धाकू वेळीप, ही त्यांची मुलगी शेवंती. शेवंतीचं लग्न दत्ताशेटच्या पुतण्याशी ठरलं होतं. लग्न गुंदला, मुलीच्या दारात, वैशाखात.

"मी बेळगावची पार्टी सांगतो म्हणलो," दत्ताशेट म्हणाले. "पण धाकूआप्पांचं म्हणणं, लगीन आमच्या दारात, तवा व्हिडिओवाला आमीच निवडणार." आणि माझ्याकडं बघून त्यांनी हळूच डोळा मिचकावला. आंधळा माणूस व्हिडिओवाला निवडणार, ह्याची त्यांना गंमत वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही वाटली.

दत्ताशेटनी पिशवीतून बेळगावच्या पार्टीची नमुन्याची कॅसेट काढली. मी ती लावली. कमळ उमललं, त्यातून नवरी आली, बदाम आला, बदाम फिरला. गाण्यावर गाणं. सगळंच झकपक होतं. धाकू मान खाली घालून ऐकत होता.

"हे कुणाचं लगीन?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"खानापूरच्या एका सावकाराच्या पोराचं," दत्ताशेट म्हणाले.

"मग तेंचा आवाज कुठं हाय?"

"आवाज कशाला ओ? गाणं घातलंय की वरनं."

धाकूनं माझी कॅसेट लावायला सांगितली. मी ओशाळतच लावली. माझ्याकडं मशीन नसल्यामुळं कॅसेटला गाणी नव्हती. जे घडलं त्याचा जसाच्या तसा गोंगाट. भटजींचा चिरका आवाज, कुणाचं तरी रडणारं मूल, पितळी भांडं पडल्याचा खणखणाट, आणि सगळ्यावर दिव्यासाठी लावलेल्या जनरेटरची भडभड. स्वयंपाकाच्या जागी एक म्हातारी आचाऱ्याला झापत होती, "आमटीला मीठ न्हाई, काय पाव्हण्यांस्नी औषध देतोस?"

धाकू हसला. मोठ्यानं, खांदे हलवून हसला. "ही म्हातारी कोण?"

"नवरदेवाची आत्या," मी म्हणालो.

"हिच्या हातात पळी हाय. भांड्यावर आपटून बोलाय लागली बघा." मी पडद्याकडं बघितलं. खरोखरच तिच्या हातात पळी होती.

कॅसेट संपेपर्यंत तो उठला नाही. मग म्हणाला, "हेनीच यायचं."

दत्ताशेट समजावू लागले. आप्पा, ही कॅसेट साधी आहे, हिला मिक्सिंग नाही. धाकूनं त्यांना बोलू दिलं आणि मग माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

"फोटोमास्तर, माझी नजर जाऊन सहा वर्सं झाली. काचबिंदू. बेळगावच्या डाक्टरनं बघून सांगितलं, उशीर केलासा. ह्या पोरीचं तोंड मला ठावं हाय ते चौदा वर्सांचं. आता ती कशी दिसतीया मला म्हाईत न्हाई. तिचं लगीन मला कानानंच बघाय पायजे, आनी पुन्ना पुन्ना बघाय पायजे. तिथं गाणं कशाला?"

त्या दिवशी मी त्याला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नीट समजावून सांगितली, जी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती. कॅसेटच्या फितीवर चित्र असतं रुंद जागेत आणि आवाज असतो कडेच्या एका बारीक पट्टीवर. त्या पट्टीवर गाणं घातलं, की खालचा खरा आवाज पुसला जातो. लपत नाही, पुसला जातो. पुन्हा कधीच येत नाही.

धाकूनं हात पुढं केला. "मग वचन द्या. माझ्या लेकीच्या लग्नावर गाणं घालायचं न्हाई."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा तळवा झाडाच्या सालीसारखा खरखरीत होता.

वचन दिलं खरं, पण नंतर झोप उडाली. आवाजासाठी म्हणून मी कधी काम केलंच नव्हतं. आवाज आपोआप येत होता, आला तसा घेत होतो. आता मी माझ्या जुन्या कॅसेटी डोळे मिटून ऐकल्या. जनरेटरच्या भडभडीपुढं माणसांचं बोलणं चिंध्या चिंध्या झालेलं. मंदा म्हणाली, "जनरेटर न्यायचाच कशाला? मुहूर्त भर दुपारचा हाय. मांडवाचं एक अंग उघडं करू या, ऊन आत येऊ दे." किती साधी गोष्ट! इतकी वर्षं मला सुचली नव्हती.

आदल्या दिवशीच आम्ही जीपनं गुंदला गेलो. सुपारीच्या झापांचा मांडव, जंगलातल्या सरळसोट खांबांवर उभारलेला. आम्ही दक्षिणेकडची झापं उतरवली. बोहल्यावर असा लख्ख उजेड पडला की हॅलोजनची गरजच उरली नाही. मग मी वायरचा माईक काढला. कॅमेऱ्यावरचा माईक लांबचं नीट पकडत नाही, म्हणून हा बोहल्याजवळच्या तिसऱ्या खांबाला बांधला आणि दिसू नये म्हणून त्यावर हळदीचं फडकं गुंडाळलं. वायर माझ्या कॅमेऱ्याला. म्हणजे अक्षता पडेपर्यंत मी दाव्याला बांधलेल्या बैलासारखा ठरावीक अंतरातच फिरणार होतो.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड जीपवर कर्णा वाजवत आलं. धाकूनं आधीच सांगितलं होतं, मंगळाष्टकांपासून पंगती उठेपर्यंत कर्णा बंद. दत्ताशेटना ते पटलं नाही. कर्ण्याशिवाय लग्न म्हणजे काय दिवस घालायला आलोय, असं कुणीतरी पुटपुटलं. वाद वाढायला लागला तेव्हा आतून मंदा आली आणि नवरीचा निरोप तिनं सगळ्यांपुढं सांगितला, "शेवंती म्हणतीया, कर्णा बंद झाल्याबगर ती भाईर येत न्हाई."

कर्णा बंद झाला. नवरदेव हसू दाबत होता. हा मुलगा बरा निघणार, असं मला तेव्हाच वाटलं.

मंगळाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी कानावर हेडफोन लावून होतो, पण लक्ष सगळं चित्रात. माळा घालताना नवरीचं तोंड, धाकूचं तोंड, मग अक्षता टाकणाऱ्या गर्दीवरून एक फेरी. मंडपात तीन-साडेतीनशे माणूस. शेवटच्या बॅटरीवर पंगती घेतल्या. आमच्या भागात पंगतीतल्या एकेका माणसाचं तोंड घ्यावंच लागतं, एकजण जरी राहिला तरी तो वर्षभर रुसतो. मी पहिल्या पंगतीपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकापुढून कॅमेरा नेला. सगळ्यात शेवटी मुलीचा बाप म्हणून धाकू जेवायला बसला, तोही घेतला.

चौथ्या दिवशी दत्ताशेट दुकानात आले. कॅसेट बेळगावला मिक्सिंगला न्यायची होती.

"आधी धाकूआप्पा ऐकतील, मग कॉपी काढून देतो तुमाला," मी म्हणालो.

"कॉपी आमाला? अवं, कॉपीचं चित्र फिकं पडतंय. तेंना दिसत न्हाई, तेंना कॉपी द्या. आमी डोळ्यांवाली माणसं, आमाला मूळची कॅसेट पायजे."

बोलणं अगदी वाजवी होतं. बाहेरच्या माणसाला तर तेच बरोबर वाटेल. पण कॉपीत चित्र फिकं पडतं तसा आवाजही खालावतो. त्यावर सूं सूं असा एक वारा वाहू लागतो आणि हलक्या आवाजात बोललेलं त्या वाऱ्यात हरवतं. मी ते सांगितलं. दत्ताशेटचा चेहरा उतरला. ते नुसते गिऱ्हाईक नव्हते, बाजारात त्यांचा शब्द चालायचा. ह्या मोसमातली पाच-सहा लग्नं त्यांच्या ओळखीनंच माझ्याकडं आली होती.

मी मंदाकडं बघितलं. तिनं कपाटाची किल्ली कमरेला खोवली होती आणि ती काही केल्या माझ्याकडं बघत नव्हती.

"शेट, मी हातावर हात ठेवलाय," मी म्हणालो.

ते उठून गेले. चार वर्षं त्यांच्या घरातलं एकही कार्य माझ्याकडं आलं नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही.

दोन दिवसांनी धाकू आला. गाडीतून उतरल्यावर त्याला शेवंतीच घेऊन आली, आता ती रामनगरची सून होती. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, कॅसेट लावली. धाकू टीव्हीच्या अगदी जवळ, बोटं काचेला लागतील इतका जवळ बसला.

तो ऐकत होता आणि एकेकाला ओळखत होता. हा आमचा पोलीस पाटील. ही वरच्या वाड्यावरची रुक्मी, हिचा दम लागतो. हा कोण? जावयाचा दोस्त काय? मंगळाष्टकं सुरू झाली तसं त्यानं नावं घेणं थांबवलं. हात जोडलेले, मान किंचित तिरकी.

शेवटचं मंगळाष्टक संपता संपता त्याची मान एकदम ताठ झाली.

"थांबवा."

मी थांबवली.

"माघारी घ्या. थोडं."

मी माघारी घेतली. पुन्हा मंगळाष्टक. आणि त्याच्या खाली, हळू आवाजात, पण खांबावरच्या माईकच्या अगदी जवळ बोलल्यासारखं एका बाईचं बोलणं ऐकू आलं.

"लक्षू, फुडं व्हय की. दादाला भेट."

मग एका पुरुषाचा आवाज. "नको गे काकू. त्येचं बोलणं मी मोडलं न्हाई. उंबऱ्याला पाय लावला न्हाई, मांडवात उभा हाय. अक्षता टाकतो आन् जातो."

मग वाजंत्र्यांची सनई, आरडाओरडा, आणि त्यातच तोच आवाज, कापरा झालेला, "सुखी ऱ्हा गे शेवू."

हेडफोनवरून हे माझ्या कानात गेलंच असणार. पण तेव्हा माझं लक्ष माळांकडं होतं.

धाकूनं तीनदा तेवढाच तुकडा ऐकला. मग विचारलं, "शेवंती, तुला ठावं होतं?"

शेवंतीचे डोळे भरले होते. "व्हय बा. मी बघितलं काकाला. तू रागावशील म्हणून गप ऱ्हायले. सगळीच गप ऱ्हायली."

लक्षू म्हणजे धाकूचा धाकटा भाऊ. बाग वाटून घेताना पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं. रागाच्या भरात धाकू म्हणाला होता, "पुन्ना माझ्या उंबऱ्याला पाय लावलास तर बघ." लक्षू त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचलून बाजारकुणंगला सासऱ्याच्या जमिनीवर गेला. ह्याला अकरा वर्षं झाली होती. मधे धाकूची नजर गेली, तेव्हाही दोघं भेटले नव्हते.

"कुठं उभा हाय तो? दिसतोय काय?" धाकूनं विचारलं.

गर्दीवरून फिरवलेली फेरी मी हळूहळू पुढं नेली. तिसऱ्या खांबाला टेकून एक माणूस उभा होता. पांढरी टोपी, धाकूसारखंच लांब नाक. त्याच्या मुठीत अजून अक्षता होत्या. मी ते सगळं सांगितलं. टोपी कशी आहे, केस पिकले का, अंगानं भरलाय का, धाकू विचारत गेला आणि मी व शेवंती सांगत गेलो.

"जेवला काय तो?"

आमच्याकडं कार्यातून माणूस न जेवता गेला, तर ते घराला लागतं. मी कॅसेट पुढं घेतली आणि पंगती बघू लागलो. पहिली पंगत, दुसरी, तिसरी. पानावर बसलेल्या माणसांत लक्षू कुठंच नव्हता. शेवटच्या पंगतीत मात्र तो दिसला. बसलेला नव्हता. हातात भाताची बादली घेऊन वाढत होता. एकेका पानापुढं वाकत तो पुढं सरकत होता, आणि रांगेच्या टोकाला धाकू बसला होता.

माझा हात बटणावरच राहिला. शेवंतीनंच सांगितलं.

"बा, काका वाढतोय. तुझ्याम्होरं आलाय. भात घातला. तू हात आडवा केलास. तरी आनी एकदा घातला."

धाकू म्हणाला, "मी पुरे म्हणलो होतो. तरी वाढला. मनात म्हणलो, कोण हे दांडगं, ऐकत न्हाई." त्यानं टीव्हीच्या काचेवरून तळवा फिरवला, जिथं काहीच हाताला लागत नव्हतं तिथं. "ल्हानपणी बी असाच करायचा. स्वताच्या पानातला उचलून माझ्या पानात."

"आन् तो जेवला काय शेवटी?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी कॅसेटच्या टोकापर्यंत गेलो. "नाही आप्पा. कुठंच जेवताना दिसत नाही." शेवंती म्हणाली, "मागनं वाढपी जेवाय बसले, तेंच्यातबी काका न्हवता."

"म्हणजे तसाच गेला," धाकू म्हणाला. "जोयड्याची गाडी कवा हाय?"

इथं मला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगायला हवी, कारण नुसता मोठेपणा मिरवणं बरं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी मीही मिक्सिंगचं मशीन घेतलं. घ्यावंच लागलं. नव्वदचं दशक लागलं होतं आणि बदाम येत नाही म्हणणाऱ्या माणसाकडं कुणी फिरकेना. मी शेकडो लग्नांवर गाणी घातली. ढगावर नवरे उभे केले. प्रत्येक वेळी ते बटण दाबताना मनात यायचं, ह्या पट्टीवर आत्ता कुणाचा आवाज आहे कोण जाणे, आणि मी तो पुसतोय. गिऱ्हाइकाला आधी विचारायचो मात्र, "एकदा ऐकून बघता काय?" बहुतेक नको म्हणायचे. मोजकेच हो म्हणाले. त्या मोजक्यांना मी मूळ कॅसेट तशीच दिली आणि गाणी कॉपीवर घातली. माझ्या धंद्यात मी कमावलेली पत विचाराल, तर ती त्या मोजक्या कॅसेटींत आहे.

तर त्या दिवशी मी दुकान मंदावर सोपवलं. शेवंतीच्या सासरी निरोपही तीच देणार होती. आम्ही तिघं गाडीत बसलो. जोयड्याला उतरून बाजारकुणंगची जीप धरली. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली, खाली फणस. धाकू वाटभर एकच वाक्य दोनदा बोलला, "पाटाचं पाणी तेवढं. तेवढ्यासाठी अकरा वर्सं."

लक्षूचं घर रस्त्यापासून थोडं आत, उतारावर होतं. तो अंगणात बसून कोकमासाठी रातांबे फोडत होता, मनगटापर्यंत हात लाल झालेले. आधी त्याला शेवंती दिसली आणि तो हसला. मग तिच्या खांद्यावरचा हात दिसला, आणि त्या हातामागचा माणूस. तो उठला. पुढं यावं की घरात जावं हे त्याला कळेना. लाल हात अंगापासून लांब धरून तो तसाच उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला.

धाकू आवाजाच्या दिशेनं चालू लागला. शेवंतीचा खांदा त्यानं सोडला होता. मधे रातांब्यांची रास होती, ती पायाखाली येणार म्हणून लक्षूच धावत पुढं आला आणि त्यानं भावाचा दंड धरला. धाकूच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल बोटं उठली.

"लगनाला येऊन न जेवता गेलास," धाकू म्हणाला.

लक्षूनं मान वळवून शेवंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच," धाकू म्हणाला. "आता बायकूला म्हण पान मांड. माझ्या शेजारी बस. जेवल्याबगर मी हलत न्हाई."